पितळेच्या चौकटीतली गार

कुठलाही खडा हातात आला की आबा तो आधी मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावायचे. भिंग नंतर, उजेड नंतर. आधी पापणी. समोर गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असायचं आणि हा म्हातारा खडा डोळ्याला लावून देवळात बसल्यासारखा गप्प! मग एकदम म्हणायचे, "कोमट हाय. काच." नाहीतर म्हणायचे, "गार हाय. गार." पहिला गार म्हणजे थंड आणि दुसरी गार म्हणजे आपल्या नदीतली पांढरी गारगोटी, हे नव्या माणसाला पटकन कळायचं नाही. त्यानं "म्हणजे काय?" असं विचारलं की आबा भडकले म्हणून समजा.

"गार लागते म्हणून ती गार! ज्यानं तिला नाव ठेवलं, त्यानं आधी हात लावला, मग नाव ठेवलं. तुमी लोक हात न लावताच नावं ठेवता."

मलाही लोकांनी हात न लावताच नावं ठेवली होती, म्हणून हे बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ती हकिगत सांगणारच आहे. पण आधी म्हातारा कसा होता ते ऐका, नाहीतर तुम्ही मलाही थापाडी म्हणाल. आणि थापाडी म्हणून घेण्याचा माझा कोटा त्या एका वर्षातच पुरा झाला आहे.

महाडात सावित्रीकडे उतरणाऱ्या एका बोळात आबांचं दीड खोलीचं घर होतं. पुढे पडवी, पडवीत चाक. ते जातीचे कोण, कुठले, हे गावात तीन जण तीन तऱ्हेनं सांगत. धंदा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. खड्यांना पैलू पाडणारे, झिलई देणारे ते हकाक. लाख आणि कुरुंदाच्या कडक दगडाची पूड कालवून केलेलं ते चाक. एका हातानं कमान ओढून ते फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला खडा त्यावर धरायचा. वर टांगलेल्या मडक्यातून पाणी ठिबकत राहायचं. चाळीसपन्नास वर्षं असं करून आबांच्या डाव्या अंगठ्याचं नख अर्धं झिजून गेलं होतं. टोपीवर कायम पांढरी भुकटी. आपले पूर्वज गडावरच्या दागिन्यांचे खडे घासत होते, असं ते छातीवर हात मारून सांगायचे. कुणीही विश्वास ठेवत नसे. खरं सांगायचं तर मीसुद्धा नाही.

गाव त्यांना पाठीमागे 'गारगोट्या' म्हणायचं. पुढ्यात म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. ते नदीच्या पात्रातल्या, पोलादपूरकडच्या ओढ्यांतल्या गारा वेचून आणायचे आणि पडवीच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवायचे. प्रत्येक गारेला गावातल्या कुणाचं तरी नाव. बाहेरून ओबडधोबड आणि आत पोकळ निघाली ती एका सावकारीणबाईंची. नुसती वरवर चकचकणारी एका वकिलाची. बरं, नुसती नावं ठेवून थांबावं ना! तो वकील समोरून चालला की आबा फळीवरच्या दगडाला हात जोडून मोठ्यानं म्हणायचे, "रामराम वकीलसाहेब, आज कचेरी बंद काय?" वकीलसाहेब मान खाली घालून बोळ संपेपर्यंत पाय उचलत असत.

आणि जोडी! बायकांना कानातले दोन खडे एकसारखे लागतात की नाही? आबा ते करून देत नसत. "दोन सारखे खडे देवानं केले नाय, मी कोण लागून गेलो?" असं म्हणून एक जरा लांबट, एक जरा गोल, असे हातात ठेवायचे. बायका भांडायच्या. एका बामणीण काकूंनी तर खडे त्यांच्या अंगावर फेकले होते. आबांनी ते उचलले, पापणीला लावले, पुसून परत त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "वैनी, तुमचे दोन कान तरी कुठं सारखे हायेत? आरशात बघा." काकूंनी घरी जाऊन आरशात बघितलं असणार, कारण पुढे तेच खडे त्यांच्या कानात दिसायचे. महाडच्या बाजारात बाईच्या कानाकडे बघून सांगता यायचं की हिचे खडे बोळातल्या म्हाताऱ्याकडचे.

तळ्याच्या पाण्यावरून गावात तंटा झाला त्या सालातली एक गोष्ट मी आल्यावर ऐकली. पाण्याला हात लावला म्हणून माणसांची डोकी फोडली होती गावानं, सांगायला लाज वाटते. त्या दिवसांत आबांनी पडवीच्या पायरीवर पाण्याचं मडकं आणि वाटी ठेवली, येईल त्यानं प्यावं म्हणून. दोन शहाणे समजूत घालायला आले. आबा कमान ओढत ओढतच म्हणाले, "माझ्या चाकाला रोज पाणी लागतं. चाकानं आजवर इचारलं नाय ते कुणी भरलं. मी चाकाहून शाणा नाय." वर्षभर पेठेतलं कुणी त्यांच्याकडे काम घेऊन गेलं नाही. मडकं काही आत गेलं नाही.

तर असा हा माणूस. आता माझं सांगते.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर दिलेली. नवरा आगबोटीवर बॉयलरपाशी कोळसा ओढायचा. त्यांची बोट घोडे आणायला ऑस्ट्रेलियाला जायची. एका खेपेला तिथल्या जुन्या बाजारातून त्यानं मला एक वस्तू आणली. अंगठ्याएवढा पांढरा दगड, पितळेच्या चौकटीत बसवलेला, मागे टाचणी. तिकडच्या बायका म्हणे छातीवर टोचून लावतात. मी म्हटलं, "लुगड्याला कुठं लावू हे, पाठीवर?" तो हसला. म्हणाला, "चौकट पितळेची हाय, मला ठाव हाय. मधलं बघ." बघितलं तर पांढऱ्या दगडातून सोन्याच्या बारीक रेघा गेलेल्या, दुधात हळद पडून पसरावी तशा. "कुणी घडवलं नाय हे. डोंगराच्या पोटात असंच उगवलं. गार नि सोनं एकत्र," तो म्हणाला. मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. पुढच्या खेपेला तो तापानं बोटीवरच गेला. समुद्रातच सोडला त्याला. मुंबईहून एक कागद आला, बस्स.

त्या खेपेला बोटीवर निघताना नवरा भावाला सांगून गेला होता, बायकोला सोनं आणलंय म्हणून. दिवसपाणी आटोपलं आणि थोरल्या दिरानं ते मागितलं. मी गळ्यातून काढून दिलं, काय करणार? महाडच्या पेठेतल्या सोनाराकडे तो घेऊन गेला. सोनारानं चौकट कसोटीवर घासली, ती पितळ निघाली. दगड घासला, तर पिवळा कस उमटलाच नाही. "काच आहे आणि आत पितळेची तार घातलीय," सोनार म्हणाला. झालं! दीर घरी आला आणि ती वस्तू माझ्या पायाशी फेकली.

"खरं सोनं कुठं हाय गो? माहेरी पोचवलंस की आणखी कुणाला दिलंस?"

आणखी कुणाला! सगळ्या वाडीसमोर. मी शपथ घेतली, रडले, त्याच्या पाया पडले. सासू तोंड फिरवून चुलीत फुंकर मारत बसली. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर मी गेले की कळशी उचलून चालू लागायच्या. चोरटी हा शब्द कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण पाठ वळली की तोच. माहेरच्या भावानं सांगितलं, तुझ्या घरचं तू निस्तर. मी बाईमाणूस विधवा, पंचवीस वर्षंही पुरती झालेली नव्हती. सोनं गेलं त्याचं दुःख नव्हतं हो, त्या मेलेल्या माणसानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू खोटी, मी खोटी, आमचं दोघांचं सगळंच खोटं ठरलं होतं. ते मला सहन होईना.

एका पहाटे निघाले आणि पायी महाडला आले. सोनारानं पुढे येऊसुद्धा दिलं नाही. "बाई, कसोटीवर बघितलंय मी. कसोटी खोटं बोलते का?" म्हणाला. मी ओट्याखाली रस्त्यातच बसले. शेजारी सुकट विकायला बसलेली एक कोळीण होती. ती म्हणाली, "अगो, दगडाचं सोनाराला काय इचारतेस? दगडवाल्याला इचार. खाली बोळात गारगोट्या म्हातारा बसतो."

आबांनी मला बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बस."

बसले. ते आपले चाक फिरवतायत. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोनदा "बस" म्हणाले. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी म्हातारा बोलेना. मला वाटलं, इथूनही हाकलणार. मग कमान बाजूला ठेवून ते म्हणाले, "सोनं पाहावं कसून, माणूस पाहावं बसून. तुला बघून झालं. आता तुझं काय हाय ते दे."

मी दिलं. त्यांनी ते पापणीला लावलं. किती वेळ! मग उन्हात धरलं, तिरकं केलं, पुन्हा पापणीला लावलं. आणि बघते तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

"माझा बाप सांगायचा," ते म्हणाले. "एका परदेशी माणसाच्या अंगठीत त्यानं असली गार बघितली होती. पोटात सोनं घेऊन झोपलेली गार. मी त्याला थापाड्या म्हटलं. चार माणसांत म्हटलं. मरेपातुर तो माझ्याशी नीट बोलला नाय." नाक पुसलं आणि एकदम ओरडले, "आयला! बापाला आता खरं ठरवलंस गो तू! मेल्यावर चाळीस वर्षांनी!"

मग त्यांनी मला काय चुकलं ते समजावलं. मी तेव्हा अर्धंच समजले, आज मी दुसऱ्यांना समजावते. गार कडक, सोनं मऊ. दोघांना एकत्र झिलई केली की मऊ सोनं केसभर जास्त झिजतं आणि गारेच्या खाली बसतं. असा दगड कसोटीवर घासला तर नुसती गार घासली जाते. कसोटी सोन्याला शिवतच नाही. मग कस कुठून उमटणार?

"बाजाराच्या दिवशी तुझा दीर येतो काय महाडला?"

"येतो. तांदूळ घेऊन."

"मग तवर मागच्या खोलीत राहा. भाडं महिन्याला एक गार. चांगली हवी, नायतर रस्त्यावर काढीन."

बाजाराच्या दिवशी आबांनी टोपी झटकली, इतकी की मला शिंक आली, आणि आम्ही पेठेत गेलो. दीर सोनाराच्या ओट्यापाशीच दोन वाडीकऱ्यांबरोबर उभा होता. आबांना बघून सोनार हसला.

"या या, आज वाट चुकलात काय?"

"तुझी कसोटी बघाया आलो."

"अहो, सोन्याचं आम्ही बघू, दगडाचं तुम्ही बघा. सोनारानंच कान टोचावेत, असं उगाच नाही म्हणत."

"काढ तर खरी."

चार लोक थांबले होते, म्हणून सोनाराला काढावी लागली. आबांनी तो काळा दगड सवयीनं पापणीला लावला, लोक हसले. मग झिजलेलं नख त्यावरून फिरवलं आणि एके ठिकाणी थांबले.

"हा ओरखडा कशाचा रे?"

"असेल जुना."

"जुना असता तर त्यात सोन्याची धूळ बसली असती. हा कोरा हाय. ह्या बाईचा खडा घासलास तवा पडला." आबांनी कसोटी वर धरून सगळ्यांना दाखवली. "काचेनं कसोटीला ओरखडा काढला काय? मग ही तुझी कसोटी हाय की गूळ?"

सोनाराचा चेहरा उतरला. पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बरं, काच नाही, गार आहे. मी चुकलो. सावित्रीत गारा पोत्यानं मिळतात. आत पितळ नाही कशावरून?"

तेवढ्यात माझा दीर पुढे सरकला. "मग फोडा ना! फोडा नि आटवा. सोनं निघालं तर निघालं, नायतर ही चोरटी हाय हे सगळ्यांना कळू दे."

पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडावर आला. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "फोडा! आत्ताच्या आत्ता फोडा!" खरंच सांगते, त्या क्षणी त्यांनी माझं डोकं फोडलं असतं तरी चाललं असतं.

आबा माझ्याकडे वळले. कधी बघितलं नव्हतं इतके चिडलेले. "गप बस. तुझ्या नवऱ्यानं नुसतं सोनं आणलं असतं तर दिलं असतं फोडाया. त्यानं हे आणलंय. ह्यांच्यापायी फोडशील तर माझ्या पडवीत पाय ठेवू नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुई हाय काय जवळ?"

डोंगरातल्या बाईजवळ पायातला काटा काढायला सुई असतेच. माझ्या चोळीच्या बाहीत होती. मी त्यांना देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"माझा हात सुईवर थरथरतो. तूच टोच. सोन्याच्या रेघेत टोच नि काटा काढतेस तशी वर उचल."

सगळा बाजार माझ्या हाताकडे बघत होता. मी दगड गुडघ्यावर धरला आणि सर्वांत जाड रेघेत सुई टेकवली. पितळ असतं तर टोक घसरलं असतं. पण ते आत रुतलं, मेणात जावं तसं. मी हळूच वर उचललं. केसाएवढी, अगदी केसाएवढी पिवळी तार वाकून वर आली.

"आता घास. कसोटीवर. तूच घास."

घासलं. काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटली. कुणीतरी म्हणालं, "पितळेचीबी पिवळीच उमटते." आबा म्हणाले, "बरोबर बोलतो. सोनारा, तेजाब टाक." सोनारानं मुकाट्यानं बाटलीतून एक थेंब त्या रेघेवर सोडला. पितळ असतं तर फेस येऊन रेघ पुसली गेली असती. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. रेघ होती तशीच राहिली. सोनारानं ती पुसली नाही, धुतली नाही, नुसता म्हणाला, "सोनं आहे. चांगलं सोनं आहे."

"सोनारानं कान टोचावेत म्हणतात ना?" आबा म्हणाले. "आज हिनं सोनाराचे टोचले."

असा हशा झाला की पलीकडचे भाजीवाले उठून बघायला आले. माझा दीर मात्र हसत नव्हता. तो माझ्या हातातल्या दगडाकडे बघत होता.

"चल गो," तो म्हणाला. आवाज कसा, तुपात बुडवलेला! "झालं गेलं गंगेला मिळालं. तुझंच घर हाय. चल घरी."

"आधी सांगा, मी चोरटी हाय काय?"

"नाय."

"मोठ्यानं. मघाशी म्हटलंत तेवढ्या मोठ्यानं."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. वाडीचे दोघं खाली मान घालून उभे होते. "नाय हाय ही चोरटी!" तो ओरडला.

"आता जावा," मी म्हटलं. "पाणवठ्यावरच्या बायांनाबी सांगा. मी येत नाय. पितळ होतं तवा ते घर माझं नव्हतं. सोनं झाल्यावर मला नको."

हे मी बोलले? आजही नवल वाटतं. कुठं जाणार, काय खाणार, काही ठाऊक नव्हतं. पण बोलले ते बोलले, आणि एकदाही पस्तावले नाही.

परत येताना मला वाटलं आबा खूश असतील. छे! बोळात शिरेपर्यंत पुटपुटत होते. पडवीत आल्यावर मला समोर बसवलं. "आज टोचलंस ते टोचलंस. पुन्हा नाय. आज सोनारासाठी टोचलंस, उद्या दुसरा येईल, म्हणेल मला दाखव, परवा तिसरा. टोचून टोचून गार तेवढी उरेल. तू खरी हाय हे किती जणांना दाखवत फिरशील? वचन दे." मी दिलं. सुई लागली तिथे बारीक खड्डा पडला होता, तो घासून काढून द्या म्हटलं तर माझ्यावरच ओरडले. "ती खोट नाय, खूण हाय. राहू दे." पितळेची चौकटही बदलू दिली नाही. म्हणाले, एवढ्या लांबून तिनंच सांभाळून आणलंय.

मी तिथेच राहिले. पुढे चाक शिकले. शिकले म्हणजे काय, पहिल्या वर्षात इतक्या गारा फोडल्या की आबा फळीवरचा वकील उचलून म्हणायचे, "साहेब, हिच्यावर फिर्याद लावा." पेठेत कुजबूज झाली, विधवा बाई परपुरुषाच्या घरात, गळ्यात दागिना घालून, चाकावर बसते. आबा पायरीवर उभे राहून ओरडायचे, "चाकाला इचारा, बाई हाय की बुवा हाय ते!" बोटं आखडायला लागली तेव्हा ते जवळच्या सव गावी जाऊन तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवून बसायचे, आणि परत आले की माझं त्या दिवसाचं काम पापणीला लावून बघायचे. कधी चांगलं म्हणाले नाहीत. "गार हाय," एवढंच. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

आमचा एक खेळ होता. सकाळी चहा देताना ते विचारायचे, "गळ्यात काय हाय गो?" मी म्हणायची, "पितळ." मग म्हातारा खोकला लागेपर्यंत हसायचा.

गेले तेव्हा आठ दिवस पडून होते. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी हात पुढे केला. मी ओळखलं. गळ्यातलं काढून त्यांच्या पापणीवर ठेवलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कोमट हाय," ते म्हणाले. घाबरेच झाले. "कोमट लागतंय गो! काच हाय काय?"

"आबा, माझ्या अंगावर होतं, म्हणून."

थोडा वेळ विचार केला. "मग बरोबर," म्हणाले. त्यानंतर बोलले नाहीत. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ज्या माणसानं जन्मभर गावाला धूप घातली नाही, त्यानं इतक्या गुपचूप का जावं, असं वाटत होतं.

चाक मी चालवलं. आबांच्या मागे चार-पाच वर्षांनी एका बाजाराच्या दिवशी दीर माझ्या पडवीत आला. केस पिकलेले, बरोबर लेक. तिचं लग्न ठरलं होतं, कानातले खडे हवे होते. मी म्हटलं, "बसा." चाक थांबवलं नाही. ऊन पायरीवरून उतरेपर्यंत दोघं बसली. पोरगी गुणी दिसत होती, माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. मी तिला दोन गारा घासून दिल्या, एक लांबट, एक गोल, आणि सांगितलं, घे बाय, काकीकडून. तिनं तिथेच कानाला लावून बघितल्या आणि हसली.

दीर उठेना. घुटमळला. त्याची नजर माझ्या गळ्यावर होती.

"ते सोनं..." तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात एक दिवस घालाया देशील काय गो? आपल्याच घरचं हाय."

मी कमान खाली ठेवली. दोरा वर करून चौकट त्याला नीट दाखवली.

"हे पितळ हाय, भावोजी," मी म्हटलं. "तुमीच तर पारखून आणलं होतंत."